पित्ताशय काढले म्हणून तूप कायमचे बंद?

पित्ताशयाची शस्त्रक्रिया पूर्वी पोटावर मोठा छेद घेऊन होत असे आणि त्यानंतर रुग्णाला बरेच दिवस रुग्णालयात राहावे लागे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली आणि पुढे चित्र पालटले. आता बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. पथ्यपाण्याचे जे दिवस पूर्वी वॉर्डात, परिचारिकांच्या नजरेखाली जात, ते आता घरच्या स्वयंपाकघरात जातात. हाताशी असते ती डिस्चार्जच्या कागदावरची एक ओळ : ‘तेलकट-तुपकट टाळा’. किती दिवस आणि किती प्रमाणात, हे त्यात अनेकदा नसते. मग एखाद्या घरात वरणावरची तुपाची धार कायमची थांबते, तर दुसऱ्या घरात आठव्या दिवशीच तर्रीदार मिसळ येते.

या गोंधळाचे एक मूळ आपल्या भाषेत आहे. छातीत जळजळले, आंबट ढेकर आले की आपण ‘पित्त झाले’ म्हणतो. ते असते जठरातले आम्ल. पित्ताशयातले पित्त हा वेगळा पाचकरस आहे. तो यकृतात तयार होतो, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही फक्त त्याची साठवणीची पिशवी. तिच्यात जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर पित्त दाट करून ठेवलेले असते. स्निग्ध पदार्थ पोटात गेले की ती आकुंचन पावते आणि पित्त आतड्यात सोडते. पिशवी काढली तरी यकृताचे काम चालूच राहते. पित्त मग थोडे थोडे, सतत आतड्यात उतरत राहते. त्यामुळे चरबी पचत नाही असे होत नाही. एकदम खूप चरबी आली तर सुरुवातीला पचनाची ओढाताण होते, इतकेच.

पथ्याचे सूत्र यातूनच निघते : एका वेळी थोडे, पण दिवसातून चार-पाच वेळा. पहिले काही दिवस पेज, मऊ भात, मुगाचे पातळ वरण, ताक, दुधी-पडवळासारख्या भाज्या. ते पचू लागले की पोळी-भाकरी, उसळ, अंडे, वाफवलेले किंवा कमी तेलातले मासे. अर्धा चमचा तूप सोसले तर पुढे एक चमचा. कोंडायुक्त धान्ये, डाळी, फळे हळूहळू वाढवावीत. एकदम वाढवली तर पोट फुगते. बहुतेकांना काही आठवड्यांत घरच्यांच्या पंगतीला बसून नेहमीचे जेवता येते. तळण आणि मटणाचा रस्सा तोवर दूर ठेवलेला बरा. चरबी मुळीच न खाणे हा मात्र उपाय नाही, कारण अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शरीरात शोषली जाण्यासाठी ती लागतेच.

खरी फसगत होते ती ‘हलक्या’ खाण्यात. तुपाला नाही म्हणणाऱ्या घरातही रुग्णाला चहाबरोबर खारी दिली जाते. खारीचे पदर सुटतात तेच मुळी मैद्यात भरपूर वनस्पती तूप घातल्यामुळे. बिस्किटांतही तेल आणि साखर असतेच. मधुमेही रुग्णाला पेज, फळांचे रस आणि बिस्किटांवर ठेवले, तर टाके भरत असतानाच रक्तातली साखर वाढते.

काहींना शस्त्रक्रियेनंतर जेवले की लगेच शौचाला पळावे लागते, जुलाब होतात. मोठ्या आतड्यात जास्त पित्त उतरल्याने हे घडते. बहुतेकांचा त्रास आपोआप कमी होतो. काही आठवड्यांनंतरही तो टिकला, तर त्यावर औषधे आहेत. एकेक पदार्थ सोडत जाऊन वजन घटवण्याचे कारण नाही. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, थंडी वाजून ताप येणे, वाढत जाणारी पोटदुखी किंवा न थांबणारी उलटी यांवर मात्र घरगुती पथ्य हे उत्तर नव्हे. पित्तनलिकेत खडा अडकलेला असू शकतो किंवा तिला इजा झालेली असू शकते. ‘काहीतरी बाधले असेल’ म्हणून घालवलेला दिवस अशा वेळी महागात पडतो.

शस्त्रक्रिया एका दिवसावर आली, तसा आहाराचा सल्लाही एका ओळीवर यावा हे बरे नाही. रुग्णालयांनी घरी सोडताना आठवडानिहाय आहार मराठीत लिहून देणे अवघड नाही. तोवर नातेवाइकांनी निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : पथ्य कधीपर्यंत, तेल-तूप किती, आणि कोणत्या लक्षणाला लगेच परत यायचे. या तीन प्रश्नांना पाच मिनिटे लागतात. ते न विचारल्याने कित्येक जण वर्षानुवर्षे उकडलेले खात राहतात.