अंतरपाट आणि मधल्या फ्रेम्स

जुन्या लग्नांच्या फिती डिजिटल करून घ्यायचं आता बऱ्याच घरांनी मनावर घेतलंय, फार चांगलं आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, सगळीकडे वाडे पडून फ्लॅट झाले. अंगणातल्या मांडवात लग्न कसं लागायचं, आज्या-काकवा कशा वावरायच्या, हे हलतं-चालतं फक्त या फितींत उरलंय. म्हणून स्पष्टच सांगते: फीत 'स्मूथ' करताना सेकंदाला ६० फ्रेम्सचा हट्ट धरू नका.

हिशोब साधा आहे. घरगुती सुपर ८ फिल्म बहुधा सेकंदाला १८ फ्रेम्सनं चालायची. ५० फुटी फितीत सुमारे ३६०० फ्रेम्स, म्हणजे ३ मिनिटं २० सेकंद. राइफसारखं सॉफ्टवेअर दोन फ्रेम्समध्ये काय कुठं सरकलं याचा अंदाज बांधून मधली फ्रेम तयार करतं. १८ च्या ३६ केल्या तर प्रत्येक खऱ्या फ्रेममागे एक बनवलेली. पण ६० ला १८ नं नीट भाग जात नाही. वेळ तंतोतंत पाळली तर ६० पैकी जेमतेम ६ फ्रेम्स मूळच्या जागी बसतात, बाकी ५४ बनवलेल्या! कामही तिप्पट: ३६०० ऐवजी १०,८०० नव्या फ्रेम्स. फ्रेमला अर्धा सेकंद धरला, तर अर्ध्या तासाऐवजी दीड तास. वर ४के केलंत तर १०८०पीच्या चौपट पिक्सेल.

"मग क्वालिटी सगळ्यात वरची ठेवू," असं कुणी म्हणेल. फरक पडतो, नाही असं नाही. पण आपल्या लग्नात नेमकं काय हलतं बघा. मुंडावळ्या चेहऱ्यासमोर झुलतात, अक्षता उडतात, अंतरपाट झटकन बाजूला होतो आणि मागचा चेहरा एकदम दिसतो. जे आधीच्या फ्रेममध्ये झाकलेलं होतं, त्याचा सॉफ्टवेअर फक्त तर्क करतं. अक्षता विरघळतात, कपाळ ताणलं जातं. काँप्युटर कितीही तगडा असो, न टिपलेला क्षण तो आणणार कुठून?

मुलं म्हणतात, झटके खाणारी फिल्म बघवत नाही. खरंय, त्यासाठी दुप्पट पुरे. पीटर जॅक्सननं पहिल्या महायुद्धाच्या फिल्म्सवरून केलेल्या 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड' (२०१८) या माहितीपटातही वेग २४ फ्रेम्सवरच आणला होता.

व्हीएचएसची गोष्ट निराळी. आपल्याकडच्या पाल कॅसेटमध्ये सेकंदाला २५ फ्रेम्स असल्या तरी कॅमेऱ्यानं ५० अर्धी चित्रं टिपलेली असतात. दुकानदार सरळ २५ ची फाइल देतो आणि निम्मे खरे क्षण जातात. त्याला आधीच सांगा, डीइंटरलेस करून ५० ठेव. तिथं मधल्या फ्रेम्स बनवायची गरजच नाही.

तेव्हा पैसे आणि वेळ चांगल्या स्कॅनवर घाला. आधी अंतरपाटाचे दहा सेकंद करून बघा, पटलं तरच पूर्ण फीत करा. आणि काहीही झालं तरी मूळ स्कॅनची फाइल वेगळ्या डिस्कवर, 'मूळ' असं नाव देऊन ठेवा. नातवंडांनी उद्या विचारलं, की पणजी खरंच अशी हसायची का, तर दाखवायला ती फाइल हवी.