माशी ओळखली तर बाजार वाचेल

कापडाच्या व्यापाऱ्याने माशीवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण भातकुलीसारख्या गावात सगळे धंदे एकाच दोरीला बांधलेले असतात. हा खारपाणपट्टा, शेती बहुतेक पावसावर. अडीअडचणीला शेतकरी बैल किंवा गोऱ्हा विकतो, तेव्हा त्याच्या हातात रोकड येते. त्याच रोकडीतून लुगडे, धोतर, पोरांचे कपडे घेतले जातात. गुरांचा बाजार बंद पडला की आमचा गल्लाही बंद पडतो.

२०२२ साली हेच घडले. लम्पी चर्मरोग भारतात प्रथम २०१९ मध्ये ओडिशात आढळला. ऑगस्ट २०२२ मध्ये तो जळगाव जिल्ह्यात दिसला आणि पाहता पाहता बुलढाणा, अकोला, अमरावतीत पसरला. सप्टेंबरमध्ये सरकारने राज्यभर गुरांचे बाजार आणि वाहतूक बंद केली. जनावरांचे व्यापारी, गाडीवाले, नालबंद, दोर-वेसण विकणारे, बाजारातले चहावाले, सगळ्यांच्या रोजीवर गदा आली. त्यात अफवा उठली की दुधातून हा रोग माणसाला होतो. माणसाला लम्पी होत नाही; पण नुकसान व्हायचे ते झाले.

रोग विषाणूचा. तो एका गावातून दुसऱ्या गावात जातो आजारी जनावराच्या हलवाहलवीने, आणि एका जनावरातून दुसऱ्यात मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमार्फत. मग प्रश्न असा की, कोणती माशी? आपण सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतो. कापडाच्या दुकानात सूत आणि टेरिकॉट एकाच भावाने विकले तर धंदा किती दिवस चालेल?

घरातली साधी माशी चावत नाही. तिचे तोंड खाली लोंबणारे, मऊ. ती फक्त चाटते. जखमेवर आणि डोळ्यांवर बसून घाण पसरवते. तिच्याच आकाराची, तशीच करडी दुसरी माशी गोठ्यात असते. शास्त्रात तिला स्टोमॉक्सिस म्हणतात. तिच्या डोक्यापुढे सुईसारखी नळी निघालेली असते आणि नर-मादी दोघेही रक्त पितात. ती बहुधा पायांना चावते. गुरे सारखे पाय आपटत असतील तर हीच माशी समजावी. जनावराने झटकली की तिचे पोट अर्धेच भरलेले असते. ती लगेच शेजारच्या जनावरावर बसते. रोग असा पुढे सरकतो.

तिसरी आकाराने निम्मी, पाठीवर आणि खांद्यावर थव्याने बसते. चौथी मोठी, जाड, मोठ्या डोळ्यांची. ती चावली की रक्ताचा ओघळ येतो. हीच टॅबॅनस. घोडे आणि उंटांना घातक असा सर्रा रोग पसरवणाऱ्यांत ती प्रमुख. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे याच रोगाचे जंतू रक्तात शोधले. पाचवी चपटी, चिवट, शेपटीखाली आणि मांडीच्या आत दडणारी. बोटाने दाबली तरी सहज मरत नाही.

ही ओळख कशासाठी? कारण प्रत्येकीचे घर वेगळे आहे. स्टोमॉक्सिस शेण-मुताने भिजून कुजलेल्या कडबा-कुटारात अंडी घालते. पाठीवरची लहान माशी ताज्या शेणात घालते. टॅबॅनस नाल्याकाठच्या चिखलात वाढते, म्हणून उकिरड्यावर कितीही औषध फवारले तरी ती कमी होत नाही. चुकीच्या जागी फवारलेले औषध म्हणजे पाण्यात घातलेला पैसा.

२०२२ मध्ये गुरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली आणि तिचा उपयोग झाला. पण ती लस लम्पीपुरती. माश्या दर पावसाळ्यात येणारच, आणि त्यांच्याबरोबर दुसरे रोगही.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. गव्हाणीखालचे ओले कुटार दोन-चार दिवसांनी उचलून उन्हात पसरावे. शेण रोज काढावे. अंगावर गाठी आणि ताप असलेले जनावर बाजारात आणू नये, कोणी आणले तर विकत घेऊ नये. नवे जनावर तीन-चार आठवडे वेगळे बांधावे. व्यापाऱ्याला हे परवडत नाही हे मान्य. पण ज्याच्या दावणीला आधीच चार जनावरे आहेत, त्याने तरी पाळावे. औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच वापरावे.

बाजार भरवणाऱ्यांकडून आपण फी देऊन जागा घेतो. पावसाळ्याआधी शेणाचे ढीग उचलणे, तुंबलेले पाणी काढणे आणि या पाच माश्यांची चित्रे मराठी व उर्दूत फाटकावर लावणे, एवढे त्यांच्याकडून मागण्याचा आपल्याला हक्क आहे. तो अर्ज गुरांच्या व्यापाऱ्यांनी एकट्याने देऊ नये. कापडवाले, नालबंद, चर्मकार, चहावाले, सगळ्यांनी मिळून त्यावर सह्या कराव्यात.