तलावाकाठचा बुद्ध आणि क्लबहाऊसचे दार

रविवारचे वर्तमानपत्र हाती घ्या. पहिले पान बातमीचे नसते, बिल्डरच्या जाहिरातीचे असते. शहर पुणे असो, ठाणे असो की नवी मुंबई, चित्र एकच : 'रिसॉर्टमध्ये राहिल्याचा आनंद, रोज!' लाकडी छताची लॉबी, वेताच्या खुर्च्या, निळाशार तरणतलाव आणि तलावाच्या काठी डोळे मिटून बसलेले तथागत. कित्येकदा पूर्ण मूर्तीही नसते, नुसते शिर असते. बाली, थायलंड, श्रीलंकेतल्या हॉटेलांची ही सजावट आता आपल्याकडच्या सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये उतरली आहे.

धडावेगळ्या शिराची शोभेची वस्तू कशी झाली? जावा बेटावरच्या बोरोबुदूर स्तूपावर ५०४ बुद्धमूर्ती होत्या. त्यांतील ३०० हून अधिक आज भंगलेल्या आहेत आणि बहुतेकांची शिरे नाहीत. दिवाणखान्यात ठेवलेल्या शिरामागे असा लुटीचा इतिहास आहे. तरीही आमची तक्रार भावना दुखावल्याची नाही. बुद्ध कुणा एकाच्या मालकीचा नाही. आमचा प्रश्न साधा आहे : ज्या सोसायटीला बुद्धाची मूर्ती चालते, तिला बौद्ध शेजारी चालतो काय?

ठाणे जिल्ह्यातील एका सोसायटीतले बौद्ध कुटुंब सल्ल्यासाठी माझ्याकडे आले होते. कर्ज काढून घेतलेला स्वतःचा फ्लॅट, देखभाल खर्चाची एक पै बाकी नाही. १४ एप्रिलला संध्याकाळी दोन तास क्लबहाऊस मागितले, तर कमिटी म्हणाली, धार्मिक आणि राजकीय कार्यक्रमांना मनाई आहे. त्याच हॉलमध्ये सत्यनारायण झाला होता, नवरात्रात गरबा झाला होता. हे दाखवून दिल्यावर खरे कारण बाहेर आले : निळे झेंडे लावले की इंटिरियरचा 'लुक' बिघडतो! जात काढली नाही, शिवी दिली नाही. मनुवाद आता इंटिरियर डेकोरेटरची भाषा बोलतो, ती अशी.

येथे रिसॉर्ट या कल्पनेची मेख लक्षात घ्यावी. रिसॉर्टमध्ये माणूस पाहुणा असतो. मालक दुसरा, नियम दुसऱ्याचे आणि सेवा करणारे मागच्या दाराने येणारे. सोसायटीची सामाईक जागा रिसॉर्टसारखी सजली की तेथे राहणारेही हळूहळू स्वतःला पाहुणे समजू लागतात आणि कमिटी हॉटेलची मालक होते. मोलकरणीला वेगळी लिफ्ट, वॉचमनला लॉबीत बसायला बंदी आणि बौद्ध सभासदाच्या हक्काचे रूपांतर मेहरबानीत.

गंमत पाहा. 'रिसॉर्ट' हा शब्द भारतीय संविधानातही आहे. अनुच्छेद १५(२) च्या इंग्रजी मसुद्यात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या जोडीला तो येतो. मराठीत त्यासाठी 'सार्वजनिक राबत्याच्या जागा' असा सुंदर शब्दप्रयोग केला आहे. जेथे लोकांचा राबता असतो, ती जागा. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत विचारणा झाली, यात दफनभूमी येते काय? सार्वजनिक पैशाने राखलेली असेल तर येते, असे बाबासाहेबांनी सांगितले. संविधानाच्या रिसॉर्टला जातीचे फाटक नाही. बिल्डरच्या रिसॉर्टची तर जाहिरातच फाटकापासून सुरू होते.

कायद्याची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. खासगी सोसायटीच्या क्लबहाऊसला अनुच्छेद १५(२) थेट लावणे अवघड आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेचे सदस्यत्व समाजापुरते मर्यादित ठेवणारे उपविधी वैध ठरवले, हे विसरता येत नाही. म्हणून फ्लॅटधारकाने आधी मालकीचा आधार घ्यावा. २०१६ च्या रेरा कायद्यातील सामाईक क्षेत्राच्या व्याख्येत प्रकल्पातील सामुदायिक सुविधाही येतात. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्यानुसार, इतरांच्या हक्काला बाधा न आणता सामाईक जागा वापरण्याचा हक्क प्रत्येक अपार्टमेंटधारकाला आहे. आणि अस्पृश्यतेच्या कारणावरून निवासी जागा घेण्यास वा तेथे राहण्यास अडवणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

पण कागदावरचा हक्क आपोआप पदरात पडत नाही. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले. त्या कुटुंबाने लेखी अर्ज दिला आणि नकारही लेखी मागितला. 'लुक बिघडतो' असे कागदावर लिहून सही करायला कमिटीतले कुणीही तयार झाले नाही. जयंती क्लबहाऊसमध्येच झाली. एरवी त्या हॉलमध्ये फक्त झाडू घेऊन येणाऱ्या बाया त्या दिवशी खुर्च्यांवर बसल्या. लॉबीतल्या शोभेच्या बुद्धापुढे पहिल्यांदा कुणीतरी मेणबत्ती लावली.

हा प्रश्न आता मूठभर नोकरदारांचा राहिलेला नाही. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणे हे आनंदाचेच आहे. परंतु याच चाळींच्या गॅलऱ्यांनी आणि पटांगणांनी चळवळ पोसली. १९७४ च्या दंगलीत येथील तरुणांनी लाठ्या खाल्ल्या. बहिष्कृत हितकारिणी सभेचा विचारदेखील ९ मार्च १९२४ ला परळच्या दामोदर हॉलमधील बैठकीत आकाराला आला. सभेला जागा लागते. टॉवरमध्ये ती जागा कशी सजवायची, हे आपणच ठरवले पाहिजे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत मोकळ्या जागेवरील मर्यादित बांधकामात क्लबहाऊसबरोबर वाचनालय आणि पाळणाघरही बसते. जाहिरातीत ती का दिसत नाहीत, हे बिल्डरला विचारा.

कार्यकर्त्यांनी एवढे करावे : सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला हजर राहावे, हॉल वापरण्याचे नियम सर्वांना समान आणि लेखी करून घ्यावेत, अभ्यासिकेचा ठराव मांडावा. नकार मिळाला तर तो लेखी घ्यावा आणि सहकार उपनिबंधकांकडे जावे. तलावाकाठी बुद्ध बसवायचा असेल तर जरूर बसवा. मात्र ज्या तथागताने आपल्या संघाचे दार उपालीला आणि सुनीताला उघडले, त्याच्या साक्षीने क्लबहाऊसचे दार कुणालाही बंद होता कामा नये.