पालकांनो, जरा मागे उभे राहा

आज १५ जानेवारी, खाशाबा जाधवांची जयंती आणि महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा गोळेश्वरच्या या पैलवानासाठी वर्गणी निघाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांचे वडील दादासाहेब स्वतः पैलवान, म्हणजे डावपेच सांगण्याचा अधिकार घरातच होता. पण ब्राँझ पदकाची कुस्ती खाशाबा लढले ते घरच्यांपासून हजारो मैल दूर.

आता रविवारी सकाळी मुलांच्या एखाद्या क्रिकेट सामन्याला जाऊन पाहा. कोच सांगतात ‘पुढे येऊन खेळ’, सीमारेषेबाहेरून बाबा ओरडतात ‘अरे, मागे जा!’ दहा वर्षांचा फलंदाज बाद झाल्यावर पॅव्हेलियनकडे निघण्याआधी बाबांचा चेहरा शोधतो. पुढचा तास स्कूटरवर त्याच एका फटक्याची चौकशी, आणि शेवटी ठरलेले वाक्य, ‘एवढं महागाचं किट कशाला घेऊन दिलं?’ खाशाबांसाठी तर घरच गहाण पडले होते, पण त्याची वसुली प्रत्येक डावानंतर होत नव्हती.

पालकांच्या या हट्टाचे सर्वांत वाईट टोक म्हणजे वयचोरी, खोटे वय दाखवून मुलाला लहान वयोगटात खेळवणे. राहुल द्रविड यांनी २०१५ च्या पतौडी व्याख्यानात या रोगावर नेमके बोट ठेवले होते. आता हाडांची चाचणी होते, ती चुकवण्याच्या वाटाही शोधल्या जातात. खोटा जन्मदाखला बारा वर्षांचे पोर काढत नाही, तो घरातली मोठी माणसे काढतात. आपल्या वयाच्या मुलांशी खेळून हरण्याचा त्या पोराचा हक्कच त्या कागदाने जातो.

मग पालकांनी करायचे काय? वेळेवर झोप, पोटभर डबा, मैदानापर्यंत सोबत. जिंकले तरी हरले तरी रात्रीच्या जेवणाला घरातला सूर तोच. संघात राखीव बसला म्हणून कोचला फोन नाही. मुलींच्या बाबतीत मात्र मागे उभे राहणे पुरत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी ‘आता पुरे’ म्हणून अनेकींचा खेळ बंद होतो, आणि तो बहुतेकदा घरातूनच बंद होतो. अंधार पडल्यावर सरावाहून परतणाऱ्या लेकीसाठी नातेवाइकांशी वाद घालणारी आई कुठल्याही शिबिराइतकीच मोलाची.

सचिन तेंडुलकरच्या आईने त्याला मैदानात बसून खेळताना पाहिले ते एकदाच, नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर, त्याच्या शेवटच्या कसोटीत. प्रत्येक आईने एवढे लांब राहावे असे कोण म्हणेल? पण तिच्या नसण्याने त्याचे काही अडले नाही.

मोठ्या स्पर्धांच्या उद्घाटनाला खेळाडूंना शपथ दिली जाते. यंदा शाळांनी आणि संघटनांनी स्पर्धेच्या प्रवेशअर्जात पालकांसाठी दोन ओळी वाढवाव्यात: मी बाहेरून सूचना देणार नाही, पंचांशी हुज्जत घालणार नाही. खाली सही घ्यावी, आणि सही मोडणाऱ्या पालकाला त्या दिवसापुरते मैदानाच्या फाटकाबाहेर बसवावे. मुलाचा खेळ मात्र थांबवू नये.