अहो, आज घाई नको!

मुलगी सासरी गेली आणि पंचवीस वर्षांत प्रथमच ती दोघंच सहलीला निघाली. घरात हल्ली बोलणं कमीच झालं होतं. कोचीत यजमानांच्या हाती दहा ठिकाणांची यादी. ते टॅक्सी ठरवू लागले, तशी ती म्हणाली, "अहो, आज घाई नको. बोटीनं जाऊ या."

एर्नाकुलमच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं वीसेक मिनिटांत फोर्ट कोची आलं. किनाऱ्यावर चिनी जाळी होती. कोळी दोर ओढत, टांगलेले दगड खाली येत आणि भलंमोठं जाळं वर उचललं जाई. दोघं बराच वेळ पाहत राहिली. मग सेंट फ्रान्सिस चर्च. १५२४ मध्ये वास्को द गामाला इथंच पुरलं होतं. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. मट्टनचेरीच्या राजवाड्यात भिंतींवर रामायण रंगवलेलं आहे. एकेक प्रसंग ओळखून ती त्यांना दाखवत होती. शेजारचं १५६८ चं सिनेगॉग मात्र शनिवारमुळे बंद होतं.

यादीतली सहा ठिकाणं राहिली. पण परतीच्या बोटीत दोघांच्या गप्पा संपेनात.

मुलं मोठी झाली, की वर्षातून असा एक दिवस काढावाच. शनिवार तेवढा टाळावा!