खरेदी की परवाना?

शिलाई यंत्र विकत घेतले, की ते आपले होते. कारखाना बंद पडला म्हणून ते घरातून नाहीसे होत नाही. संगणकीय खेळांबाबत मात्र असा भरवसा उरलेला नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ मध्ये ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ विक्रीस आणला. एकट्याने खेळतानाही तो कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला खेळ निरुपयोगी ठरला. ग्राहकांनी केवळ वापराचा परवाना घेतला होता, असे कंपनीचे म्हणणे.

सर्व्हर चालवण्यास खर्च येतो, तो कोणी अनंतकाळ करावा असे नाही. परंतु विकताना ‘खरेदी’ म्हणायचे आणि पुढे परवान्याकडे बोट दाखवायचे, हे न्याय्य नव्हे. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून अशा डिजिटल वस्तूंच्या विक्रेत्यांना ‘हा परवाना आहे’ हे आधीच स्पष्ट सांगावे लागते. तेवढ्याने भागणार नाही. सेवा थांबवताना तो खेळ सर्व्हरविना चालेल, अशी सोय करून देणे हेही विक्रेत्याचे कर्तव्य ठरले पाहिजे. मोबदला पूर्ण घेतला, तर हक्क अपुरा का द्यावा?