मल्लांची कीर्ती आणि मालकाची मालमत्ता

गेल्या महिन्यात एका अभ्यासवर्गानंतर चहा घेताना एका तरुण साथीने विचारलेला प्रश्न वरवर पाहता आमच्या विषयपत्रिकेबाहेरचा होता. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीचे, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईचे, खेळ दूरदर्शन संचावर पाहतच तो लहानाचा मोठा झाला आहे. हल्क होगन, जॉन सीना, रोमन रेन्स ही नावे आज जगभरच्या मुलांच्या तोंडी आहेत. पाचशे-हजार वर्षांनी ती कोणाला आठवतील काय, असे त्याने विचारले. काही ज्येष्ठ साथी हसले. नुरा कुस्ती खेळणाऱ्या नटांची चिंता आपण कशाला करावी, असा त्या हसण्याचा अर्थ होता. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही. कोणाची आठवण टिकते आणि ती कोणाच्या हाती असते, हा प्रश्न अखेर श्रम आणि मालकी यांचाच प्रश्न आहे.

प्रथम इतिहासाचा दाखला पाहू. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात दक्षिण इटलीतील क्रोटन या ग्रीक वसाहतीत मायलो नावाचा मल्ल होऊन गेला. ऑलिंपियाच्या मैदानावर त्याने सहा वेळा विजय मिळवला. अडीच हजार वर्षे लोटली तरी त्याचे नाव विस्मृतीत गेलेले नाही. म्हणजे मल्लाची कीर्ती टिकू शकते, हे सिद्धच आहे. पण त्याच प्राचीन जगातून आपल्याकडे आलेला आणखी एक कागद आहे. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेल्या पपायरसांपैकी एक इ. स. २६७ मधील करारनामा आहे आणि तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. निकँटिनोस आणि डिमिट्रियस या दोन तरुण मल्लांची अंतिम कुस्ती व्हायची होती. डिमिट्रियसने तीन वेळा पडावे आणि हार मानावी, त्याबद्दल त्याला ३,८०० द्राक्मा मिळतील, आणि त्याने शब्द मोडला तर त्याच्या बाजूने जबर दंड भरावा, असे त्यात लिहिलेले आहे. जाणकारांच्या मते ही रक्कम जेमतेम एक गाढव विकत घेण्याइतकी होती.

तेव्हा 'ठरवून केलेली कुस्ती' हा काही अमेरिकन भांडवलशाहीने लावलेला शोध नव्हे. तथापि या दोन उदाहरणांतील अंतर ध्यानात घेण्याजोगे आहे. मायलोचे नाव त्याच्या नगराने आणि पुढच्या पिढ्यांनी आपापल्या कथांतून जपले. डिमिट्रियसचे नाव मात्र कोणीही जपले नाही. त्याला पाडण्यासाठी जो करार झाला तो वाळूत टिकला, आणि केवळ त्यामुळे आज आपल्याला तो माहीत आहे.

आता जवळच्या काळाकडे येऊ. ४ सप्टेंबर १९११ रोजी, अमेरिकेच्या कामगारदिनी, शिकागोच्या मैदानात फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकनश्मिट यांची कुस्ती झाली. सुमारे तीस हजार प्रेक्षक जमले होते. त्या काळी या दोघांची नावे दोन खंडांवर दुमदुमत होती. आज त्यांच्याच देशात शंभर माणसांना विचारले तर किती जण ओळख सांगतील? अवघ्या शतकाभरात ही अवस्था. पॅरिसमधल्या कुस्त्यांवर फ्रेंच लेखक रोलाँ बार्त याने लिहिलेला निबंध १९५७ साली 'मायथॉलॉजीज' या त्याच्या पुस्तकात आला. त्यात तोव्हाँ नावाच्या, शरीर सुटलेल्या, पन्नाशीतल्या मल्लाचा उल्लेख आहे. आज जगभरच्या विद्यापीठांत तोव्हाँचे नाव वाचले जाते, ते त्याच्या कुस्तीमुळे नव्हे. एका लेखकाने त्याची नोंद घेतली म्हणून. दोन-चार पिढ्यांनंतर कीर्ती ज्याची असते त्याच्या हातात ती राहत नाही.

यावर आमचा तरुण साथी म्हणाला की, गॉचच्या काळी चित्रफिती फारशा नव्हत्या. आज प्रत्येक कुस्ती, प्रत्येक आरोळी साठवून ठेवलेली आहे. हा युक्तिवाद सहज झटकण्यासारखा नाही, पण तो अपुरा आहे. साठवण म्हणजे स्मरण नव्हे. कोठारात धान्य आहे म्हणून गावाचे पोट भरते असे नाही. कोठाराची किल्ली कोणाकडे आहे, हे आधी पाहावे लागते. डब्ल्यूडब्ल्यूईने मार्च २००१ मध्ये आपली प्रतिस्पर्धी कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली, तेव्हा तिचा चित्रफितींचा संग्रहही घेतला. बंद पडलेल्या इतर अनेक कंपन्यांचे संग्रहही असेच तिच्याकडे आले. २०२३ पासून ती स्वतःही टीकेओ या मोठ्या उद्योगसमूहाचा भाग झाली आहे. म्हणजे अर्ध्या शतकातील हजारो मल्लांच्या श्रमाची दृश्य स्मृती आज एका भांडवली संस्थेच्या ताळेबंदातील मालमत्ता आहे.

ही मालकी चित्रफितींवर थांबत नाही. ती माणसाच्या नावापर्यंत पोहोचते. कोडी ऱ्होड्स या मल्लाने २०१६ साली कंपनी सोडली, तेव्हा 'ऱ्होड्स' हे ज्या नावाने त्याचा बाप आयुष्यभर कुस्ती खेळला ते नाव लावण्याचा हक्क त्याला उरला नाही. २०२० पर्यंत तो नुसता 'कोडी' म्हणून आखाड्यात उतरत असे. आठवण मिटवण्याचा आणि पुन्हा चालू करण्याचा अधिकारही मालकाचाच. होगन यांचे वर्णद्वेषी उद्गार उघडकीस आल्यावर २०१५ साली कंपनीने त्यांचे नाव आपल्या 'हॉल ऑफ फेम'मधून काढून टाकले. २०१८ साली पुन्हा घेतले. उद्गार निंद्य होते यात शंका नाही. पण लोकांनी निषेध करणे वेगळे आणि कंपनीने सोयीनुसार नाव पुसणे व लिहिणे वेगळे. गंमत अशी की, ज्या कीर्तिमंदिरात प्रवेश मिळावा म्हणून मल्ल आयुष्यभर झिजतात, त्या मंदिराला इमारतच नाही.

ज्येष्ठ साथींच्या हसण्याला इथे उत्तर द्यायला हवे. निकाल ठरलेला असतो हे खरे. मालकांनीच ते १९८९ साली न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे मान्य केले. कारण हा खेळ नसून करमणूक आहे असे ठरले, तर क्रीडा नियामकांची देखरेख आणि कर दोन्ही टळणार होते. पण निकाल ठरलेला असला तरी पडणे खरे असते. पाठीचे मणके, गुडघे, मेंदू ही पटकथेतली पात्रे नव्हेत. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटी येथे ओवेन हार्ट या मल्लाला सभागृहाच्या छतावरून दोरीने खाली उतरवले जात असताना तो सुटून पडला आणि मृत्यू पावला. त्या रात्री खेळ थांबला नाही. पुढच्या कुस्त्या ठरल्याप्रमाणे झाल्या. त्याच्या पत्नीने कंपनीविरुद्ध दावा लावला आणि पुढे कंपनीच्या कीर्तिमंदिरात पतीचे नाव घालू देण्यास ठाम नकार दिला. हा नकार मला फार मोलाचा वाटतो. ज्यांनी माणूस जपला नाही त्यांनी त्याची आठवण विकू नये, एवढेच तिचे म्हणणे आहे.

आणि ही माणसे कायद्याच्या भाषेत कामगारही नाहीत. वर्षभर एकाच मालकाच्या आदेशाने खेळणारे हे मल्ल करारात 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हणवले जातात. त्यांची संघटना नाही. १९८६ साली जेसी व्हेंचुरा या मल्लाने सहकाऱ्यांना युनियन करण्याचे आवाहन केले. ती बातमी मालकापर्यंत होगन यांनी पोहोचवली, हे पुढे चित्रफितींच्या मानधनाच्या खटल्यात मालकाच्याच साक्षीतून आपल्याला कळले, असे व्हेंचुरा यांनी सांगितले आहे. त्या खटल्यात १९९४ साली ज्यूरीने व्हेंचुरा यांना आठ लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळवून दिली. युनियन मात्र आजतागायत झाली नाही. सर्वांत प्रसिद्ध मल्ल मालकाच्या बाजूला आणि बाकीचे एकाकी, हे चित्र आपल्या गिरणी-कारखान्यांतल्या कार्यकर्त्यांना अपरिचित वाटू नये.

मग टिकते काय? माझ्या मते, जे लोक आपल्या कामासाठी उचलतात ते टिकते. कोडीचा बाप डस्टी ऱ्होड्स हा प्लंबरचा मुलगा. १९८५ साली, प्रतिस्पर्ध्याला आव्हान देताना तो कॅमेऱ्यापुढे बोलला ते काम गेलेल्या कापड कामगारांविषयी, मोटार कामगारांविषयी, आणि तीस वर्षे राबून शेवटी हातात एक घड्याळ घेऊन घरी परतणाऱ्या माणसाविषयी. त्याच्या शेकडो कुस्त्या लोक विसरले. ते भाषण चाळीस वर्षांनंतरही आठवले जाते. मेक्सिकोतील 'एल सांतो' या रुपेरी मुखवट्याच्या मल्लाने पन्नासांहून अधिक चित्रपटांत काम केले. १९८४ साली तो वारला तेव्हा त्याला मुखवट्यासह पुरण्यात आले. पुढच्याच वर्षी मेक्सिको सिटीत भीषण भूकंप झाला आणि हजारो भाडेकरू बेघर झाले. १९८७ साली त्यांच्या चळवळीतून लाल-पिवळ्या वेषातला, मुखवटा घातलेला एक माणूस पुढे आला. त्याने 'सुपरबार्रियो' हे नाव घेतले आणि गरिबांना घराबाहेर काढायला येणाऱ्यांसमोर तो उभा राहू लागला. मुखवट्याआड कोण आहे, याला महत्त्व नव्हते. आखाड्याची भाषा वस्तीने आपलीशी केली होती आणि तिच्यावर कोणा कंपनीचा हक्क चालत नव्हता.

आपल्याकडेही याचा पडताळा येतो. दारासिंग हे १९५० आणि १९६० च्या दशकांतील व्यावसायिक कुस्तीचे सर्वांत मोठे नाव. आज त्यांची आठवण बहुतेकांना आहे ती किंगकाँगबरोबरच्या लढतींमुळे कमी, आणि १९८७-८८ च्या 'रामायण' मालिकेतील हनुमानामुळे अधिक. कारण लोकांच्या मनात ती जागा आधीपासूनच होती. त्याच काळात हमीदा बानू ही स्त्री पुरुष पैलवानांना जाहीर आव्हान देत होती. १९५४ साली बडोद्यात तिने बाबा पैलवान यांना १ मिनिट ३४ सेकंदांत चितपट केले. नंतर तिचे नाव वर्तमानपत्रांतून नाहीसे झाले. घरच्या मंडळींच्या आठवणींनुसार तिने अखेरची वर्षे आपल्या कल्याणमध्ये दूध विकून काढली. २०२४ साली गूगलने आपल्या पानावर एक दिवस तिचे चित्र लावले, तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले. सत्तर वर्षे आपल्या पुरोगामी चळवळीलाही तिची आठवण झाली नाही, ही गोष्ट आपण आपल्या पदरी घेतली पाहिजे. स्मरणाचे काम आपण टाकून दिले की ते दुसरे कोणी तरी आपल्या सोयीने करते.

तरुण साथीला माझे उत्तर असे आहे. आजच्या मल्लांपैकी बहुतेकांची नावे दूरच्या भविष्यात उरणार नाहीत. मालकाच्या कोठारातली चित्रफीत त्यांना तारणार नाही. कारण नफा मिळेनासा झाला की मालक कोठाराकडे पाहणार नाही. एखाद-दुसरे नाव उरेल, ते ज्याला लोकांनी आपल्या लढ्यात, आपल्या कथेत जागा दिली त्याचे. आणि कदाचित डिमिट्रियसप्रमाणे एखादा करारनामाही उरेल. त्या काळचा अभ्यासक तो वाचेल आणि पाहील की या माणसाचे नाव, रूप, आवाज आणि शरीर लिहून घेतलेले होते, पण त्याला कामगार म्हणण्यास नकार दिलेला होता. आपल्या युगाविषयी त्याला तेवढे पुरेसे होईल.

हजार वर्षांनंतरच्या कीर्तीची व्यवस्था आपल्या हाती नाही. आज जो माणूस पडतो आहे त्याच्या औषधपाण्याची, निवृत्तिवेतनाची आणि संघटनेच्या हक्काची मागणी मात्र आपल्या हाती आहे, मग तो शिकागोत पडो वा आपल्या तालुक्याच्या जत्रेतल्या फडात. गावोगावच्या तालमींत गुडघा निखळल्यावर घरी बसलेले पैलवान आपल्या ओळखीचे असतात. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना साथींनी आपल्या भागातल्या अशा एकाला भेटून यावे, त्याचे नाव आणि हकीकत लिहून आणावी. आमच्या तरुण साथीच्या प्रश्नाला त्याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.